पहिला सूर

९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आधी नमस्कार आणि लगेच मुद्द्याचा प्रश्न: आवाज येतो का?

बसवणारी माणसं काम उरकून गेल्याचं त्यांच्या साहेबांनी कळवलं. म्हणजे घर उबदार ठेवणारा हीट पंप सुरू होऊन आठवडा होत आला, आणि तुझ्याकडून दोन ओळी नाहीत. तू घरात फोन ठेवत नाहीस हे मला पाठ आहे. घंटा वाजली की ती कानात रेंगाळते, मग बराच वेळ काम करता येत नाही. पण पोस्टमन काही घंटा वाजवत नाही ना?

मला धाकधूक आहे ती माझ्या शब्दाची. तू शेगडी काढायला तयारच नव्हतीस. धुरानं खोकलीस तरी चालेल, बोटं आखडली तरी चालेल, पण भिंतीबाहेर घरघरणारं यंत्र नको, म्हणून अडून बसली होतीस. "अगं, सबंध जन्म या कानांवर जेवलेय मी," असं तू म्हणालीस. तेव्हा मी शब्द दिला की हा पंप तुझ्या आणि तुझ्या अकॉर्डियनच्या मध्ये आला, तर मी स्वतः येऊन तो उचलून नेईन. तो शब्द कायम आहे.

घरगुती हीट पंप किती आवाज करतात हे मोजण्याचाच मला पगार मिळतो, म्हणून तुझ्यासाठी सगळ्यात शांत निवडला. फक्त एक ऐकलं ते आवडलं नाही. पंप अंगणात जमिनीवर बसवायचा ठरला होता, तो त्यांनी मागच्या भिंतीला ब्रॅकेट मारून टांगला म्हणे, बर्फात बुडू नये म्हणून. असो. त्रास होत असेल तर भीड न ठेवता लिही.

तुझी,
टकळी


२४ नोव्हेंबर

प्रिय टकळे,

तुझी टकळी कागदावरही थांबत नाही, हे पाहून बरं वाटलं.

आवाज येत नाही. अजिबात नाही. पहिले दोन दिवस मी कामाच्या बाकावर कान टवकारून बसले होते, कुठे घरघर सापडते का बघायला. तुला पत्रातून चार शब्द सुनवायची माझी पूर्ण तयारी होती. सापडलं काही नाही. बाहेर जाऊन तुझ्या डब्याजवळ उभी राहिले तेव्हा कुठे पंखा फिरताना ऐकू आला, तोही झाडात वारा असावा तसा. आत आले, दार लावलं, संपलं.

आणि ऊब! अंगणातल्या बादलीतलं पाणी दगड झालंय. पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं काल फुटलं. त्याच हवेतून तुझा डबा ऊब काढतो आणि माझ्या बोटांपर्यंत आणून पोचवतो, हे तू मला तीनदा समजावलंस आणि तीनदा मी मान डोलावली. खरं सांगू का, कळलं काही नाही. जे नाहीच ते काढायचं कुठून? पण रोज सकाळी भिंतीला तळहात लावते तेव्हा मला आपलं उभ्या उभ्या थक्क व्हायला होतं.

कामाचं सांगते. शाळेतल्या वादनाच्या बाईंनी पाच बाजे, म्हणजे अकॉर्डियन, आणून टाकलेत. मुलं वसंतात एकत्र वाजवणार आहेत, तोवर पाचही लावून हवेत. पहिला झाला. लहानपणी तू बाकाखाली बसून विचारायचीस ना, मावशी, बाज्यात वाजणाऱ्या सगळ्या पत्त्यांमधली पहिली कुठली? तर ती मधली, तिचा सूर मी डोक्यातून घेते, आणि बाकीच्या सगळ्या पत्त्या कानशीनं घासत घासत तिच्याशी जुळवते. त्या पहिल्या पत्तीलाच सगळा वेळ जातो. पण यंदा गंमत अशी की ती झटकन बसते. दोन-चार हात मारले की जागेवर. बोटं उबदार असल्याचा परिणाम, दुसरं काय. श्रेय तुझं.

मावशी


६ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी कामावर सगळ्यांना वाचून दाखवलं. "झाडात वारा असावा तसा" हे वाक्य आमच्या साहेबांना इतकं आवडलं, की ते म्हणाले, मीटरनं असं कधी लिहून दिलं नव्हतं.

तू विचारतेस, जे नाहीच ते काढायचं कुठून. अगं, ते असतंच. आपल्याला जी हवा बोचते तिच्यातही ऊब उरलेली असते, थोडी थोडी, विखुरलेली. पंप ती वेचतो. थंडी वाढली की वेचायला कमी मिळतं, मग तो जास्त जोरानं धावतो. थंडी उतरली की सावकाश होतो. दिवसभर हेच. मी इतकी वर्षं हे काम करते, तरी कधी कधी हात थांबतो माझा.

आमची मोजायची खोली तुला एकदा दाखवायची आहे. भिंतींना, छताला, जमिनीखालीसुद्धा स्पंजचे सुळके लावलेत, त्यामुळे कुठलाच आवाज परत येत नाही. दार बंद झालं की आधी कान दुखल्यासारखे होतात. मग आपलं रक्त वाहताना ऐकू यायला लागतं. पहिल्या दिवशी मी घाबरून बाहेर पळाले होते. आता तिथे गेले की देवळात गेल्यासारखी गप्प होते. मी आणि गप्प, तूच विचार कर.

आमच्या हिशेबानं तुझ्या खोलीत पंपाचा आवाज मीटरच्या काट्यालाही कळणार नाही इतका कमी आहे. शब्द पाळला की नाही? उरलेल्या चारी बाज्यांचं कळव.

तुझी,
टकळी


११ जानेवारी

प्रिय टकळे,

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक आहे. खोकला गेला.

एक कळवायचं होतं. मी काम थांबवतेय. कानशी, पत्त्यांना हवा देणाऱ्या फुंकणीचा बाक, पत्त्यांचे खण, सगळं धरणापलीकडच्या गावचा तो कारागीर घेऊन जाईल. माणूस चांगला आहे, हात हलका आहे. मार्चच्या सुरुवातीला खोके घेऊन येतो म्हणालाय. कधीतरी थांबायचंच होतं.

तुझा डबा छान चाललाय. काळजी करू नकोस.

मावशी


१७ जानेवारी

मावशी,

हे काय लिहिलंस? "काळजी करू नकोस" असं तू लिहितेस तेव्हा काळजी करायचीच असते, एवढं मला कळतं. नोव्हेंबरात पहिली पत्ती झटकन बसते म्हणून खूश होतीस, आणि आता सगळी हत्यारं दुसऱ्याच्या हवाली?

मी चार दिवस विचार करतेय आणि मला एकच कारण दिसतं. आवाज येतोय. पंप घरघरतोय, तुला काम करू देत नाहीये, आणि भाचीचं मन मोडायला नको म्हणून तू गप्प बसली आहेस. बरोबर आहे का?

तसं असेल तर असं कर. एक दिवस दुपारी तो बंद कर. दाराजवळचा पांढरा खटका आहे, तो खाली ओढायचा, बस. स्वेटर घालून बाकावर बस आणि ऐक. काय फरक पडतो ते मला खरं खरं लिही. माझ्या मनाचा विचार करू नकोस. मी कारागिराला खोके घेऊन येऊ देणार नाही.

टकळी


२५ जानेवारी

प्रिय टकळे,

तुझा अंदाज साफ चुकला, आणि तरी तुझंच ऐकल्यानं सगळं बदललं. सावकाश सांगते. तूही एका जागी बसून वाच.

डिसेंबरच्या शेवटी वादनाच्या बाई आल्या होत्या. पहिले दोन बाजे मी शाळेत पोचवले होते. त्या दोन्ही परत घेऊन आल्या. बाई भिडस्त. आधी थंडीबद्दल बोलल्या, मग माझ्या खोकल्याबद्दल, मग म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच जरा ऐकता का?" त्यांनी एक बाजा वाजवला. सुरेल. दुसरा वाजवला. तोही सुरेल. मी म्हटलं, मग?

"आता दोन्ही एकदम," त्या म्हणाल्या. एक त्यांनी घेतला, एक माझ्या हातात दिला.

तुला माहीत आहे, दोन सूर शेजारी असले पण एक नसले, की त्यांच्यामध्ये एक लाट हलते. वँव, वँव, वँव. माझं सगळं आयुष्य ती लाट थांबवण्यात गेलं. ती थांबली म्हणजे सूर जुळले. आणि इथे मी स्वतः लावलेल्या दोन बाज्यांमध्ये ती लाट अशी उसळत होती, की बाईंनी खाली बघितलं. एकेकटे दोघेही गुणी, एकत्र आले की भांडण.

अर्थ सरळ होता. प्रत्येक बाज्यात बाकीच्या पत्त्या पहिल्या पत्तीशी नीट जुळलेल्या होत्या. चुकली होती ती पहिलीच, जी मी डोक्यातून घेते. म्हणजे माझ्या डोक्यातला सूर हलला होता. ड्रॉवरमध्ये सुराचा काटा आहे, आपटला की नेमका सूर देणारा, तो आपटून एका क्षणात खात्री करता आली असती. पण कित्येक वर्षं मी त्याला हात लावला नव्हता, तो माझा तोरा होता, आणि आता तोरा नाही तर भीती होती. काटा आपटला आणि माझा सूर खरंच वेगळा निघाला तर? मी ड्रॉवर उघडलाच नाही. कारागिराला निरोप धाडला. मुलं एवढ्या हौसेनं वाजवणार, आणि मी त्यांच्या हातात भांडणं देणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मी रडले, हेही लिहून टाकते.

मग तुझं पत्र आलं. मनात म्हटलं, वेडी आहे पोरगी, पण तिचं समाधान करू. काल दुपारी स्वेटर चढवला, मांडीवर तिसरा बाजा घेतला, त्याचा मधला सूर धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं खटका ओढला.

टकळे, खोली रिकामी झाली.

दुसरा शब्द सापडत नाही मला. आवाज बंद झाला असं म्हणता येणार नाही, कारण आवाज नव्हताच, मी शपथेवर सांगितलं असतं. पण बाकावर टेकलेल्या माझ्या कोपरातून काहीतरी निघून गेलं. भिंतीतून गेलं, जमिनीतून गेलं. माझ्या मांडीवरचा सूर एकटा पडला. आतापर्यंत त्याला सोबत होती हे मला तो एकटा पडल्यावर कळलं.

मी तशीच बसून राहिले. खोली गार होत गेली. मग खटका वर केला. काही वेळ काही नाही. मग ते आलं, खालून, सावकाश, ऐकू आलं म्हणण्यापेक्षा हाडांना कळलं. आणि मांडीवरच्या सुरात हळूहळू लाट हलायला लागली. कुणाशी हलत होती ती? खोलीत दुसरं कुणी वाजवत नव्हतं. तुझा डबा वाजवत होता.

माझा बाक ज्या भिंतीला ठोकलाय त्याच भिंतीला बाहेरून तो टांगलाय. मी पहिली पत्ती घासायला बसले की माझे हात ती लाट थांबवायला जातात, कारण तेच एक काम त्यांना येतं. मला न विचारता त्यांनी सबंध हिवाळा पत्ती त्या डब्याशी जुळवली. म्हणून ती झटकन बसायची! आणि तू लिहिलं होतंस, थंडीत तो जोरानं धावतो. पहिला बाजा मी लावला तेव्हा हवा त्यामानानं नरम होती. दुसरा लावला त्या आठवड्यात गाव गोठलं होतं, नळ फुटले होते. दुसराच चढा आहे.

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. थंडीचा सूर मी बाज्यात भरून ठेवला होता गं.

पण हे सगळं माझं मन मला समजावतंय का, हे कोण सांगणार? म्हातारा कान गेला की माणूस भिंतीला बोल लावतो. काट्याला मी अजून हात लावलेला नाही. धीर होत नाही. दुसरा बाजा, तो चढा, बाईंना विचारून तुझ्याकडे पाठवतेय. तुझ्या त्या खोलीत ऐकून बघ. कारागीर ठरल्याप्रमाणे येणार आहे. त्याला मी अजून नको म्हटलेलं नाही.

मावशी


८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

बाजा सुखरूप पोचला. त्याच्या खोक्यात तू सफरचंदं भरली होतीस, ती आमच्या साहेबांनी खाल्ली, कारण त्यांनी खोली वापरायला दिली.

तुझ्या पंपाचा सख्खा भाऊ इथे आहे, तोच कारखाना, तोच आकार. तो एका जाड भिंतीवर टांगला, तुझ्याकडे आहे तसाच. आतली हवा आधी नरम ठेवली. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले, बाजा छातीशी धरला आणि मधला सूर वाजवला. मला वाजवता येत नाही हे तुला माहीत आहे, पण एक सूर धरून ठेवणं माझ्याच्यानं होतं. लाट होती. जोराची. पाठीला कळत होती.

मग हवा गार करत गेलो. पंप जोर धरत गेला. साहेब काचेपलीकडून आकडे दाखवत होते, उणे सहा, उणे आठ. लाट सावकाश होत गेली, झोपाळा थांबत येतो तशी. उणे बाराला ती थांबली.

मावशी, थांबली म्हणजे अगदी थांबली. बाजा आणि पंप एक झाले. माझी पाठ, भिंत, माझ्या छातीवरचा भाता, सगळ्यांत मिळून एकच सूर होता आणि तो कुठून येतोय ते मला सांगता येईना. गाव गोठलं होतं त्या आठवड्याची थंडी माझ्या हातात होती, तू ती जशीच्या तशी पकडून ठेवली होतीस. मी भाता ओढायचं विसरले. साहेब काचेवर टकटक करत होते तेही कळलं नाही.

मीटर काय म्हणालं ते सांगते. पंपाच्या घुमण्यात एकावर एक बरेच सूर असतात. त्यातला एक तुझ्या पहिल्या सुराच्या अगदी शेजारी येऊन बसतो, थंडीत जरा वर, उबेत जरा खाली. इतका बारीक की हवेत तो जवळपास नाहीच. आम्ही हवेतला आवाज मोजतो. भिंत काय वाहून नेते ते मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण भिंतीला कोपर टेकून कुणी पत्त्या घासत बसेल असं आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. शब्द मोडला माझा, पण असा मोडला की मला वाईट वाटण्याऐवजी नवल वाटतंय, याला काय करू?

शनिवारी मी येतेय, बसवणाऱ्या दोघांना घेऊन. पंप भिंतीवरून काढायचा, अंगणात वेगळ्या चौथऱ्यावर बसवायचा, खाली रबरी पाय. बर्फ मी स्वतः फावड्यानं काढीन. कारागिराला कळव की येऊ नकोस.

तुझी,
टकळी


३ मार्च

प्रिय टकळे,

तू पंप हलवून गेलीस त्याला आता पंधरवडा झाला. जाताना दारात म्हणालीस, "आता तरी काटा काढ ड्रॉवरमधून," आणि मी "काढते गं" म्हटलं. काढला नाही. बाकावर रोज बसत होते, भिंतीला कोपर टेकत होते. काही नव्हतं. भिंत नुसती भिंत झाली होती. तरी पत्तीला हात लावायचा धीर होईना. पंपाचं कोडं सुटलं होतं. माझ्या कानाचं सुटलं नव्हतं.

कारागिरालाही मी कळवलं नाही. रागावू नकोस. मनात म्हटलं, येऊ दे. एक तर तो सामान नेईल, नाहीतर निदान साक्षीला तरी असेल.

काल सकाळी आला. खोके आणले होते, दोऱ्या आणल्या होत्या. अदबीनं म्हणाला, "मावशीबाई, कुठून सुरुवात करू?" मी म्हटलं, "तिथे खुर्चीवर बसा. मला एक पत्ती लावायची आहे." तो बसला. आमच्या धंद्यातला माणूस, लगेच समजला.

तिसऱ्या बाज्याची मधली पत्ती काढली. पंप चालू होता, खोलीत ऊब होती. डोळे मिटले आणि सूर आठवायला लागले. झटकन बसला नाही. पूर्वीसारखा वेळ घेतला त्यानं, एकदा वर गेला, एकदा खाली आला, मी घासत होते, वाजवत होते, परत घासत होते. बोटांना घाम आला. माझं मन सारखं भिंतीकडे जायचं, मदत मागायला, आणि तिथून काही यायचं नाही. शेवटी एका जागी हात आपोआप थांबले. का थांबले ते मला सांगता येणार नाही.

मग ड्रॉवर उघडला. काटा काळा पडलाय. गुडघ्यावर आपटला, त्याचा दांडा बाकाच्या लाकडावर टेकवला, आणि दुसऱ्या हातानं फुंकणी दाबून पत्ती वाजवली.

मी लाटेची वाट पाहिली.

ती आली नाही. काटा विझत गेला, पत्ती वाजत राहिली, आणि दोघांच्या मध्ये काही म्हणता काही हललं नाही. मला वाटलं मलाच ऐकू येत नसेल, म्हणून पुन्हा आपटला. पुन्हा तेच. एकच सूर, सबंध खोलीभर.

डोळे उघडले तेव्हा कारागीर उभा होता. त्यालाही ऐकू आलं होतं, त्याचे कान काही कच्चे नाहीत. त्यानं उघडून ठेवलेले खोके एकेक करून मिटले, दोऱ्या गुंडाळून खिशात घातल्या आणि म्हणाला, "मग मी निघतो, मावशीबाई." मी म्हटलं, "चहा घेऊन जा." चहा घेतला त्यानं. 

आता बाजे परत लावायचे आहेत. पहिला पुन्हा, तुझ्याकडचा तो चढा पुन्हा, आणि हे तीन. वसंत तोंडावर आलाय. त्या चढ्या बाज्याला मात्र मी सगळ्यात शेवटी हात लावणार आहे. तो घेऊन ये, आणि येताना एखादा गार दिवस बघून ये. अंगणात पंपाशेजारी बसून त्याचा तो सूर मला एकदा ऐकायचाय, काट्याशी जुळवून खाली उतरवायच्या आधी.

मावशी